तीन गोळ्यांना न जुमानणारा बीपी

माझा मामेभाऊ चाकण पट्ट्यात निघोजेतल्या एका कारखान्यात लाइनवर आहे. वय अडतीस. तीन गोळ्या चालू, तरी बीपी १६०/१००च्या खाली येईना. पायांत गोळे यायचे, रात्री लघवीला उठावं लागायचं. सगळ्यांनी शिफ्टच्या ताणावर बोट ठेवलं. एका डॉक्टरांनी मात्र पोटॅशियम तपासलं. ते कमी निघालं, तेव्हा त्यांनी अल्डोस्टेरॉन आणि रेनिन एकत्र मोजायला सांगितलं.

मूत्रपिंडांच्या माथ्यावर जेमतेम चार-पाच ग्रॅमच्या अधिवृक्क ग्रंथी असतात. रक्तदाब घसरला की मूत्रपिंड रेनिन सोडतं. त्याच्या हुकमावरून ग्रंथी अल्डोस्टेरॉन बनवते, मीठ राखते, पोटॅशियम बाहेर घालवते. डॉक्टरांना ज्या आजाराची शंका होती, त्यात ग्रंथी हुकमाची वाटच पाहत नाही. अल्डोस्टेरॉन चढतं, रेनिन तळाला जातं. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे जेरोम कॉन यांनी १९५५मध्ये हा आजार जगापुढे मांडला.

मामेभावाच्या रक्ताचा नमुना घेतला तेव्हा मी सोबत होतो. आधी औषधाने पोटॅशियम भरून काढलं होतं. बीपीवाल्याला कधी न मिळणारी सूचना मिळाली होती: या दिवसांत मीठ तोडू नका. रात्रपाळीचा आठवडा टाळला. सकाळी उठून दोनेक तास हिंडाफिरायचं, मग दहा मिनिटं खुर्चीत शांत बसायचं. सुई टोचताना ताई म्हणाल्या, "दादा, मूठ आवळू नका." आवळली की स्नायूंतलं पोटॅशियम रक्तात उतरतं आणि आकडा फसवा येतो. नळी त्यांनी बर्फात ठेवली नाही. गारठ्याने रेनिन खोटं वाढतं.

अल्डोस्टेरॉन-रेनिनचं गुणोत्तर चढं आलं की खात्रीची तपासणी, मग सीटी स्कॅन. पण स्कॅनमधली गाठ निरुपद्रवीही असू शकते, म्हणून शस्त्रक्रियेआधी बहुधा दोन्ही ग्रंथींच्या शिरांतून रक्त घेतात. उजवी शीर आखूड, थेट महाशिरेत उघडणारी. ती गाठायला सराईत हात लागतो. दोष एकाच बाजूला असेल तर दुर्बिणीतून ती ग्रंथी काढतात. दोन्हीकडे असेल तर स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी चालू ठेवावी लागते.

बऱ्याच रुग्णांचं पोटॅशियम नॉर्मल असतं, त्यामुळे तेवढ्यावर विसंबता येत नाही. २०२५च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना तर उच्च रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाची अल्डोस्टेरॉन-रेनिन तपासणी करावी असं सुचवतात. चाकण पट्ट्यातल्या तरण्या कामगारांनी हे ध्यानात ठेवावं. गोळ्या वाढत असतील आणि बीपी हलत नसेल, तर पुढची गोळी सुरू होण्याआधी डॉक्टरांना या तपासणीबद्दल स्वतःहून विचारा. हृदय, मेंदू आणि मूत्रपिंड वर्षानुवर्षे झिजण्यापासून वाचू शकतात.