पळ्ळिकरणैचा काठ
शहराशेजारी मोठा जलाशय असला, की तेथे नौका, बागा, उपाहारगृहे असावीत असे सहजच वाटते. परंतु चेन्नईच्या दक्षिणेस, पेरुंगुडीलगतच्या पळ्ळिकरणै पाणथळीचा विचार निराळ्या रीतीने करावा लागतो. भोवतालच्या अनेक तलावांचे जादा पाणी येथे उतरते, काही काळ थांबते आणि ओक्कियम मडुवू ओढ्यातून बकिंगहॅम कालव्याच्या वाटेने समुद्राकडे जाते. एकेकाळी सुमारे ५,००० हेक्टर पसरलेली ही पाणथळ वसाहती, रस्ते व पेरुंगुडीचा कचराडेपो यांमुळे आक्रसली. आणि २०१५ च्या महापुरात थांबायला जागा न उरलेले पाणी दक्षिण चेन्नईतील घरांत शिरले.

२००७ मध्ये पाणथळीचा काही भाग राखीव वन झाला. २०२२ मध्ये १,२४७ हेक्टर क्षेत्र रामसर स्थळांच्या यादीत आले. काठावर निसर्गोद्यानही झाले आहे. लोकांचा वावर असा काठापुरताच असावा. पायवाट, पक्षिनिरीक्षणाची जागा व माहितीफलक एवढे पुरे. आतली जागा पाण्याची आणि पाखरांची. मुलांना येथे हिवाळ्यात अवश्य न्यावे. रोहित पक्षी तर दाखवावेतच. पण हे पाणी कोठून येते व कोठे जाते, हेही समजावून सांगावे. ते ज्यांना उमगले, ती मुले मोठेपणी पाण्याच्या वाटेत घर बांधणार नाहीत.