करमाफी : देणारा कोण, सोसणारा कोण ?

‘माफी’ हा आपल्या महसुली परिभाषेतील जुना शब्द. इनाम देताना राजसत्ता जमिनीवरील स्वतःचा सारा सोडून देई. म्हणजे माफी देणारा व तिची झळ सोसणारा एकच असे. विद्यापीठांसारख्या संस्थांना मिळणाऱ्या आजच्या करमाफीत मात्र हे दोघे वेगळे झाले आहेत. शब्द तोच राहिल्यामुळे हा भेद सहसा ध्यानात येत नाही.

उदाहरणार्थ, १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाचे कलम १४३ पाहावे. केवळ धर्मादाय कार्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारती व जमिनी त्यात सर्वसाधारण करातून वगळल्या आहेत. जेथे व्यापार चालतो किंवा भाडे येते, तेथे ही सवलत नाही. केवळ शिक्षण देण्याने संस्था अशा सवलतीस पात्र ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली दिल्लीतील एका प्रकरणात स्पष्ट केले. तथापि जेथे माफी लागू होते, तेथे ती विधिमंडळाच्या शब्दाने मिळते आणि तूट नगरपालिकेच्या तिजोरीत पडते.

विद्यापीठामुळे परिसराची भरभराट होते, हे खरेच. खोल्या भाड्याने जातात, खाणावळी चालतात, जमिनीचे भाव चढतात. परंतु हा लाभ घरमालक व दुकानदार यांच्या पदरी पडतो. भाडेकरूच्या वाट्यास वाढीव भाडे येते, आणि रस्ते, दिवाबत्ती व कचरा यांचा खर्च स्थानिक संस्थेच्या माथी. मोठ्या शहरात हा भार विभागला जातो. लहान गावात तो थोड्या घरांवर एकवटतो.

अमेरिकेतील येल विद्यापीठाने २०२१ साली न्यू हेवन शहराला सहा वर्षांत सुमारे साडेतेरा कोटी डॉलर स्वेच्छेने देण्याचे मान्य केले. या कल्पनेचे बीज आपल्या कायद्यातही आहे. रायगड जिल्ह्यात थळ येथे १९८५ साली खत-कारखाना सुरू झाला. अशा कारखान्यांशी करांऐवजी ठोक रकमेचा करार करण्याची मुभा १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातील कलम १२५ पंचायतीस देते. कारखान्यासाठी योजलेला हा मार्ग ज्ञानसंस्थेने आपण होऊन पत्करल्यास तिच्या प्रतिष्ठेस उणेपणा येण्याचे कारण नाही. माफीची किंमत कोण मोजतो, हे निदान उघडपणे मांडले जाईल.