पनीर पांढरेशुभ्र आहे, पण तपासले आहे का?

जून 2020 मध्ये आमच्या लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते तपासले, तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे कळले. तेथे निदान रंग तरी दिसला. पनीरमध्ये रोगजंतू शिरले तर रंग, वास, चव बदलेलच असे नाही. म्हणून या धंद्यातील बांधवांनी तपासणी समजून घ्यावी.

पनीरसाठी दूध सुमारे 90 अंशांपर्यंत तापवतात. त्यात साल्मोनेला, लिस्टेरियासारखे जंतू मरतात. मग धोका कोठून? तर नंतर लागणारे फडके, थंड पाणी, सुरी आणि हात यांतून. गाळायचा मांजरपाट व मलमल आम्ही कापडवालेच विकतो, म्हणून आग्रहाने सांगतो: फडके रोज धुऊन, उकळून, कडक उन्हात वाळवा. ओले गुंडाळून ठेवलेले फडके म्हणजे जंतूंचे घर. हाताला जखम असेल तर मालाला हात लावू नये. जखमेतल्या स्टॅफिलोकोकस जंतूने मालात सोडलेले विष भाजी शिजवूनही जात नाही. लिस्टेरिया तर फ्रिजच्या थंडीतही वाढतो. 1985 मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिस भागात मऊ चीजमधून तो पसरला. 142 जण आजारी पडले आणि गर्भातील व नवजात बालकांसह 48 जीव गेले.

तपासणी अशी होते. साल्मोनेलासाठी 25 ग्रॅम पनीर 225 मिलिलिटर पोषक द्रवात मिसळून 37 अंशांवर रात्रभर ठेवतात. एखादा जंतू असला तरी त्याचे हजारो होतात. पुढे खास द्रवात व बशीत वाढवून त्यांची ओळख पटवतात. म्हणून अहवालाला काही दिवस लागतात. नियमाप्रमाणे 25 ग्रॅममध्ये साल्मोनेला अजिबात नसावा. ई-कोलाय आढळला, तर मैल्याचा संसर्ग झाला असे समजून पाणी व हात आधी तपासावेत.

नमुना निर्जंतुक डब्यात, बर्फाच्या पेटीत, पण न गोठवता मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत लवकर पोहोचवावा. अहवाल फक्त त्याच खेपेचा असतो. एकदा चांगला आला म्हणून वर्षभर निश्चिंत राहता येत नाही. पाणी, कारागीर किंवा जागा बदलली की पुन्हा तपासणी करावी.

2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 40 प्रमाणे ग्राहकही फी भरून माल तपासून घेऊ शकतो. असुरक्षित अन्नाने मृत्यू झाल्यास कलम 65 नुसार भरपाई किमान 5 लाख रुपये आहे. वलीम्याच्या एका ऑर्डरमधून शेकडो माणसे जेवतात. त्यापुढे तपासणीची फी किरकोळ आहे. कापडात दोष निघाला तर आम्ही थान परत घेतो. खाल्लेले पनीर परत घेता येत नाही.