सुरकुत्या घालवणारं पेप्टाइड : डबीत किती, त्वचेत किती?

प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत जे घडतं, ते आपल्या चेहऱ्यावरही घडेल का? महागडी क्रीम घेण्याआधी एवढा प्रश्न विचारायलाच हवा.

चाळिशी जवळ आली की आरसा जरा जास्तच खरं बोलू लागतो. डोळ्यांच्या कडेला बारीक रेषा दिसतात, हसल्यावर पडलेली घडी पटकन मिटत नाही. लग्नसराईत प्रसाधनांच्या दुकानात पाऊल टाकलं की काउंटरवरची मुलगी नेमकी हीच नस पकडते. ‘‘मॅडम, ही पेप्टाइडवाली घ्या. कोलॅजन वाढवते. इंजेक्शनची गरजच पडणार नाही.’’ डबी मुठीत मावेल एवढी आणि किंमत महिन्याच्या किराण्याशी स्पर्धा करणारी.

त्या मुलीचं बोलणं अगदीच खोटं नसतं. पण प्रयोगशाळेतून दुकानापर्यंतच्या प्रवासात खऱ्याला बरीच फोडणी मिळालेली असते.

पेप्टाइड म्हणजे काय?

आपल्या शरीरातली प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांच्या लांबच लांब माळा. त्याच मण्यांची छोटी सर म्हणजे पेप्टाइड. त्वचेला घट्टपणा देणारं कोलॅजन हेही प्रथिनच. वय आणि ऊन यांमुळे ते कमी होत जातं आणि सुरकुत्या दिसू लागतात.

छोट्या सरी हव्या तशा ओवणं पूर्वी फार किचकट काम होतं. अमेरिकेतल्या ब्रूस मेरीफिल्ड यांनी 1963 मध्ये सोपी युक्ती प्रसिद्ध केली. पहिलं अमिनो आम्ल प्लास्टिकसारख्या बारीक कणाला चिकटवायचं, मग एकेक मणी जोडत जायचं आणि दर वेळी नको असलेलं धुऊन टाकायचं. या कामासाठी त्यांना 1984 मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. आज क्रीममध्ये येणारी कृत्रिम पेप्टाइडं बनवायला ही पद्धत सर्रास वापरतात.

सौंदर्याच्या दुनियेत या पेप्टाइडांचा शिरकाव मात्र आडवाटेनं झाला. लॉरेन पिकार्ट यांना 1973 मध्ये माणसाच्या रक्तात तीन मण्यांचं पेप्टाइड सापडलं, ते यकृताच्या पेशींचा अभ्यास करताना. ते तांब्याला धरून ठेवतं. 1988 मध्ये फ्रेंच संशोधकांनी दाखवलं, की तांब्यासह हे पेप्टाइड दिलं तर बशीत वाढवलेल्या तंतुपेशी जास्त कोलॅजन बनवतात. 1993 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांना कोलॅजनच्याच मूळ रूपातला पाच मण्यांचा तुकडा मिळाला. तोही पेशींना कामाला लावत होता. जणू तुटलेला तुकडा पेशींना निरोप देतो, ‘मोडतोड झाली आहे, दुरुस्तीला लागा.’

कल्पना सुरेख आहे. पण बशीतल्या पेशीच्या अंगावर कातडी नसते!

दारातच अडलेला पाहुणा

त्वचेचं कामच मुळी बाहेरचं बाहेर ठेवण्याचं. 2000 मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी एक ठोकताळा मांडला. ज्याचं रेणुभार सुमारे 500च्या वर, ते धडधाकट त्वचेतून सहसा आत शिरत नाही. आता पाच मण्यांच्या त्या तुकड्याचं रेणुभार 563. शिवाय त्याला पाणी प्रिय आणि त्वचेचा वरचा थर स्निग्ध. म्हणून त्याला पाल्मिटिक आम्लाची, म्हणजे तेलकट स्वभावाची, शेपटी जोडण्यात आली. रेणुभार 802 वर गेलं, पण त्वचेशी सूत जुळणं सोपं झालं.

याची बरी चाचणी 2005 मध्ये प्रसिद्ध झाली. 93 गोऱ्या स्त्रियांनी 12 आठवडे चेहऱ्याच्या एका बाजूला पेप्टाइड घातलेलं मॉइश्चरायझर आणि दुसऱ्या बाजूला तेच, पण पेप्टाइड नसलेलं मॉइश्चरायझर लावलं. कोणत्या बाजूला काय आहे, हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्यांनाही. पेप्टाइडच्या बाजूच्या बारीक रेषा थोड्या जास्त कमी झाल्या. चाचणी प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीच्याच शास्त्रज्ञांनी केली होती, हे विसरू नका. तरी मांडणी चोख होती, म्हणून तिला मोल आहे.

त्या चाचणीत पेप्टाइडचं प्रमाण होतं 10 लाख भागांत 3 भाग. म्हणजे 50 ग्रॅमच्या डबीत फक्त 0.15 मिलिग्रॅम! बाकी डबीत नेहमीचाच मालमसाला.

दुसरं गाजलेलं नाव आर्जिरेलिन. स्पेनमध्ये तयार झालेलं हे सहा मण्यांचं पेप्टाइड. नस आणि स्नायू यांच्यातला आखडण्याचा निरोप ते सौम्यपणे अडवतं, असा दावा. बोटॉक्स तेच काम जोरकसपणे करतं. 2002 मध्ये निर्मात्यांनी सांगितलं, की 10 टक्के प्रमाण असलेल्या क्रीमनं 30 दिवसांत सुरकुत्यांची खोली 30 टक्क्यांपर्यंत घटली. पण हा स्नायू असतो त्वचेच्या खाली. पेप्टाइड तिथवर पोचतं का? 2015 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या संशोधकांनी मृतदेहाच्या त्वचेवर क्रीम लावून 24 तासांनी तपासलं. जेमतेम 0.22 टक्के पेप्टाइड अगदी वरच्या मृत थरात सापडलं, आतल्या त्वचेत काहीच नाही. ‘इंजेक्शनची गरजच नाही’ हे वाक्य इथे कोलमडतं.

आधी सनस्क्रीन

आपल्याकडची गोष्ट आणखी वेगळी. सावळ्या, गव्हाळ त्वचेवर सुरकुत्या उशिरा येतात. वय आधी दिसतं ते डागांतून, वांगातून. त्या 93 स्त्रियांचे निष्कर्ष नाशिकच्या किंवा इंदूरच्या गृहिणीला जसेच्या तसे कसे लावणार?

उलट उन्हाबद्दलचा पुरावा भक्कम आहे. ऑस्ट्रेलियात 903 जणांवर साडेचार वर्षं चाललेल्या चाचणीचे निष्कर्ष 2013 मध्ये आले. रोज नेमानं सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांच्या तुलनेत, 24 टक्के कमी वार्धक्य दाखवत होती. सुरकुत्यांसाठी ट्रेटिनॉइनचाही गुण सिद्ध झालेला आहे. पण ते औषध आहे, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचं आणि गरोदरपणात टाळायचं. तेव्हा हातात ठरावीक पैसे असतील तर पहिला मान सनस्क्रीनचा. उरले तर पेप्टाइडची हौस जरूर करा, बहुतेकांना त्यानं त्रास होत नाही.

एका गोष्टीपासून मात्र चार हात लांब राहा. ‘फक्त प्रयोगशाळेतील संशोधनासाठी’ असं छापलेल्या पेप्टाइड पावडरच्या कुप्या विकल्या जातात. कुणी ती पाण्यात कालवून सुईनं टोचून देतो म्हणाला, तर सरळ उठून घरी या. ती माणसासाठी बनवलेलीच नसते. ती निर्जंतुक आहे, शुद्ध आहे, याची हमी कोण देणार?

क्रीम घ्यायचीच ठरलं, तर वेष्टनावरची घटकांची यादी वाचा. भारतीय नियमांनुसार 1 टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमानं द्यावे लागतात, त्याखालचे मागाहून कसेही. पाल्मिटॉइल पेंटापेप्टाइड-4 शेवटी दिसलं तरी हरकत नाही, ते लागतंच चिमूटभर. ॲसिटाइल हेक्झापेप्टाइड-8, म्हणजेच आर्जिरेलिन, शेवटी दिसलं तर मात्र 10 टक्क्यांच्या गोष्टी ऐकून घेऊ नका.

आणि घरच्या घरी त्या चाचणीची नक्कलही करता येते. डाव्या बाजूला नवी क्रीम, उजवीकडे साधं मॉइश्चरायझर, दोन्हीकडे सनस्क्रीन. सुरुवातीला आणि 12 आठवड्यांनी त्याच खिडकीत, त्याच वेळी फोटो काढा. मग कोणती बाजू कोणती हे न सांगता ते बहिणीला किंवा जावेला दाखवा. तिला फरक ओळखता आला, तरच दुसरी डबी आणा.