घरगुती दिव्यांची विल्हेवाट

घरगुती दिव्यांची विल्हेवाट म्हणजे निकामी झालेले बल्ब, सीएफएल, ट्यूबलाइट व एलईडी दिवे उतरवून ते योग्य त्या कचरा संकलन व्यवस्थेकडे सोपविणे होय. सीएफएल व ट्यूबलाइट यांत पारा हा विषारी धातू असल्याने त्यांची विल्हेवाट साध्या बल्बपेक्षा वेगळ्या रीतीने करावी लागते.

दिव्यांचे प्रकार

साध्या बल्बमध्ये टंगस्टनची तार तापून प्रकाश देते. त्यात पारा नसतो. तो कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात देता येतो. काच पुनर्वापराच्या बाटल्यांत मिसळू नये, कारण दोन्ही काचांचे घटक भिन्न असतात. सीएफएल व ट्यूबलाइट यांत पाऱ्याच्या बाष्पातून वीज वाहते, त्यातून अतिनील किरण निघतात आणि नळीच्या आतील लेप त्यांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करतो. एका दिव्यात पारा काही मिलिग्रॅमच असतो. एलईडी दिव्यात पारा नसतो, मात्र इलेक्ट्रॉनिक मंडल असल्याने तो ई-कचऱ्यात द्यावा.

धोका

अखंड दिव्यातून पारा बाहेर पडत नाही. दिवा फुटल्यावर त्याचे बाष्प श्वासावाटे शरीरात जाऊ शकते. मिश्र कचऱ्यात टाकलेले दिवे वाहतुकीत फुटतात व त्याची झळ प्रथम सफाई कामगार आणि कचरावेचकांना बसते. पाण्यात पोहोचलेल्या पाऱ्याचे जिवाणूंमुळे मिथाइल पाऱ्यात रूपांतर होते व तो माशांच्या शरीरात साठत जातो.

दिवा बदलताना

बटण बंद करून दिवा थंड होऊ द्यावा. सीएफएल काढताना काचेच्या नळीला न धरता खालच्या प्लॅस्टिकच्या भागाला धरावे. जुना दिवा नव्या दिव्याच्या खोक्यात ठेवल्यास फुटण्याची शक्यता कमी होते.

दिवा फुटल्यास

खिडक्या उघडून, वातानुकूलन यंत्र बंद करून ५ ते १० मिनिटे खोलीबाहेर थांबावे. केरसुणी वा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये. त्याने पारा पसरतो. हातमोजे घालून तुकडे जाड पुठ्ठ्याने गोळा करावेत, बारीक भुकटी चिकटपट्टीने उचलावी व जागा ओल्या कागदाने पुसावी. हे सर्व झाकणाच्या बरणीत बंद करून तिच्यावर तशी चिठ्ठी लावावी.

भारतातील नियम

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी सीएफएल व ट्यूबलाइट यांचा समावेश घरगुती घातक कचऱ्यात केला आणि असा कचरा ओल्या व सुक्या कचऱ्यापासून वेगळा देणे बंधनकारक केले. त्याच वर्षीच्या ई-कचरा नियमांनी पारायुक्त दिव्यांच्या संकलनाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. पुनर्प्रक्रिया केंद्रात हे दिवे बंदिस्त यंत्रात फोडून काच, धातू व पारा वेगळे केले जातात.

सद्यस्थिती

पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली. करारातील देशांनी २०२३ मध्ये जिनिव्हा येथे सर्वसाधारण प्रकाशयोजनेसाठीच्या फ्लुरोसंट दिव्यांचे उत्पादन व आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबविण्याचे ठरविले. तथापि घरोघरी आधीच बसविलेले दिवे त्यानंतरही निकामी होत राहतील; त्यामुळे उत्पादन थांबल्यावरही त्यांच्या वेगळ्या संकलनाची गरज काही वर्षे राहील.