पबातलं गाणं, स्टुडिओतला पब

थेम्स नदीच्या वळणावरचा 'आयल ऑफ डॉग्ज' हा लंडनचा भाग एके काळी गोदी कामगारांचा होता. दिवसभर ओझी वाहिलेली माणसं संध्याकाळी पबात जमत. कोपऱ्यात पियानो असे. गिऱ्हाइकांपैकीच कुणी उठून गाऊ लागे आणि ध्रुवपद आलं की सगळा पब सूर मिसळी.

ही रीत जुनी. पबातल्या अशा बैठकींना गर्दी वाढली, तेव्हा चार्ल्स मॉर्टन या पबमालकाने १८५२ साली लॅम्बेथमध्ये 'कँटरबरी हॉल' उभारला आणि म्युझिक हॉलचं, म्हणजे गाण्या-विनोदांच्या नाट्यगृहांचं, युग सुरू झालं. पुढे सिनेमा आणि दूरचित्रवाणीने म्युझिक हॉलचा प्रेक्षक ओढून नेला. पबातलं गाणं मात्र तगून राहिलं.

डॅनियल फार्सन या दूरचित्रवाणी निवेदकाला या गाण्याचं वेड लागलं. त्याने पबातल्या करमणुकीवर माहितीपट केला, आणि १९६२ साली आयल ऑफ डॉग्जमधला 'वॉटरमन्स आर्म्स' हा पबच विकत घेतला. त्याच प्रेरणेतून १९६३ साली आयटीव्ही वाहिनीवर 'स्टार्स अँड गार्टर्स' हा कार्यक्रम आला. स्टुडिओत पब उभारला गेला. टेबलाभोवती पेले घेऊन बसलेले लोक हेच प्रेक्षक. सूत्रसंचालक रे मार्टिन हा पबांतूनच तयार झालेला विनोदवीर होता. कॅथी कर्बी, व्हिन्स हिल या गायकांचे आवाज घरोघरी पोचले.

तेव्हाचे गाजलेले करमणुकीचे कार्यक्रम मोठ्या नाट्यगृहांतून दाखवले जात. तिथे गायक रंगमंचावर, प्रेक्षक खाली अंधारात. इथे गायिका आणि श्रोता यांच्यात हातभराचंच अंतर. मला या कार्यक्रमाचं खरं यश इथेच दिसतं. पण एक गोष्ट खटकते. पडद्यावरच्या पबात गाणारे बहुतेक व्यावसायिक होते. गोदीतून दमून येऊन गाणारा माणूस त्या चौकटीत फारसा आलाच नाही. खऱ्या पबात फार्सनचे पैसे बुडाले. तिथे जूडी गार्लंडसारखी नामवंत गायिका पाहुणी म्हणून येऊन गेली, पण गल्ला काही भरला नाही.

म्हणून खरा पब ऐकायचा असेल तर १९६४ सालचा 'पोर्ट्रेट ऑफ क्वीनी' हा लघुपट शोधून पाहावा. त्यातल्या क्वीनी वॉट्स पॉपलरमध्ये स्वतः पब चालवत आणि तिथेच गात.