डोंगर बुटका होतो तेव्हा

वैश्विक किरण वातावरणावर आदळले की साधारण 15 किलोमीटर उंचीवर म्युऑन नावाचे कण जन्माला येतात. त्यांचं सरासरी आयुष्य 2.2 मायक्रोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम 660 मीटर जातो. तरीही म्युऑन जमिनीवर पोचतात, आणि तेही भरपूर.

अमेरिकेत माउंट वॉशिंग्टनच्या शिखरावर फ्रिश आणि स्मिथ या शास्त्रज्ञांनी त्यांची मोजदाद केली. निष्कर्ष 1963 साली प्रसिद्ध झाले. 1,900 मीटर उंचीवर त्यांच्या उपकरणात तासाला सुमारे 560 म्युऑन सापडत. तिथून समुद्रसपाटीला यायला 6.4 मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे खाली फार तर तीसेक उरायला हवे होते. प्रत्यक्षात चारशेहून जास्त भरले!

आपल्या, म्हणजे जमिनीच्या संदर्भचौकटीतून पाहिलं, तर या वेगवान म्युऑनचं घड्याळ जवळपास नऊपट मंद चालत होतं. म्युऑनच्या चौकटीत मात्र त्याचं घड्याळ अगदी ठीक आहे. डोंगरच त्याच्याकडे झेपावतोय, आणि त्याची उंची उरलीय अवघी दोन-सव्वादोनशे मीटर. खरी उंची कोणती, हा प्रश्नच इथे गैरलागू ठरतो. दोन्ही हिशेब खरे, कारण खाली किती म्युऑन पोचले याचं उत्तर दोन्हीकडे एकच येतं. सापेक्षतेतलं मला सर्वांत सुंदर वाटतं ते हेच.

प्रकाशवेगाची मर्यादाही इथेच दिसते. 99.5 टक्के प्रकाशवेगाने जाणारा म्युऑन सरासरी 22 मायक्रोसेकंद जगतो. 1970च्या दशकात ‘सर्न’च्या वर्तुळाकार यंत्रात म्युऑन 99.94 टक्क्यांपर्यंत नेले, तेव्हा आयुष्य 64 मायक्रोसेकंद भरलं. ऊर्जा जवळजवळ तिप्पट झाली, आयुष्यही तिप्पट. वेग मात्र अर्धा टक्कासुद्धा वाढला नाही. आणखी कितीही ऊर्जा ओतली, तरी तो शंभर गाठणार नाही.

असे कण म्हणजे धावती घड्याळंच आहेत आणि वेगात असताना ते जास्त काळ टिकतील, हे 1938 साली ‘नेचर’मध्ये लिहिलं होतं होमी भाभांनी. मुंबईत जन्मलेले भाभा तेव्हा केंब्रिजमध्ये होते आणि तिशीही न गाठलेले. अणुऊर्जा कार्यक्रमाचे जनक ही त्यांची ओळख आपल्याकडे घरोघरी आहे. भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी सापेक्षता शिकवताना हे भाभाही विद्यार्थ्यांना जरूर सांगावेत.